घड्या सुरेख, कागद जाड: कागदी विमानांच्या एका संचाविषयी

साध्या घड्यांची आणि तरीही चांगली उडणारी कागदी विमाने शिकवणारा एक संच मी महिनाभर वापरून पाहिला. त्यात ए4 आकाराचे, दोन्ही बाजूंनी रंगीत छापलेले 40 कागद आणि चार विमानांच्या घड्या चित्रांसह समजावणारी एक छोटी पुस्तिका आहे. हा संच घ्यायचा असेल तर तो पुस्तिकेसाठी घ्यावा, असे माझे मत झाले आहे. सोबतच्या कागदावर मात्र विसंबू नये, कारण त्याच घड्या मी साध्या छपाईच्या कागदावर घातल्या तेव्हा चारपैकी तीन विमाने स्पष्टपणे अधिक चांगली उडाली.

पुस्तिका ज्याने तयार केली त्याने स्वतः पुष्कळ विमाने उडवली असावीत, हे पानोपानी जाणवते. प्रत्येक घडीचे चित्र वेगळे आहे, कागद कधी उलटायचा हे ठळक बाणाने दाखवले आहे, आणि घडी हातावर किंवा मांडीवर न घालता टेबलावर घालून तिच्यावरून नख किंवा पट्टीची कड फिरवावी, ही अतिशय मोलाची सूचना पहिल्याच पानावर आहे. बहुतेक विमाने बिघडतात ती नमुना वाईट असल्यामुळे नव्हे, तर घड्या सैल राहिल्यामुळे. सैल घडीचे विमान फेकताच उलगडू लागते आणि दोन्ही पंख दोन वेगळ्या कोनांत उभे राहतात.

विमानाच्या पुढच्या भागात कागदाचे एवढे थर का जमवायचे, याचे स्पष्टीकरणही मला फार आवडले. विमानाचे वजन ज्या बिंदूभोवती तोलले जाते तो बिंदू पुरेसा पुढे असला, तरच वाऱ्याने नाक वर उचलले गेल्यावर ते पुन्हा आपोआप खाली येते. तो मागे सरकला की विमान मान वर करून थांबते आणि कोलांटी खाऊन खाली पडते. घड्यांचे थर नाकाशी एकवटण्यामागे हे एकच कारण आहे, आणि ते समजले की मुलेसुद्धा स्वतःचे नमुने विचारपूर्वक बनवू लागतात.

चार नमुन्यांपैकी दुसरा या संचाचा खरा ठेवा आहे. कागद लांबीत मधोमध दुमडून उघडायचा, वरचे दोन्ही कोपरे मध्यरेषेला आणायचे, तयार झालेला त्रिकोण पाकिटाच्या झाकणासारखा खाली वळवायचा, पुन्हा वरचे कोपरे मध्यरेषेपाशी आणायचे आणि त्यांच्याखालून डोकावणारे त्रिकोणाचे टोक त्यांच्यावर वर दुमडून कुलपासारखे बसवायचे. मग हे टोक बाहेरच्या बाजूला राहील अशा रीतीने विमान मधोमध मिटून पंख पाडायचे. या एका टोकामुळे पुढचे सगळे थर जागच्या जागी राहतात. चिकटपट्टी लागत नाही, टाचणी लागत नाही. नाक बोथट असल्यामुळे भिंतीवर आपटूनही ते लवकर चुरगळत नाही. अगदी नवख्या माणसाने प्रथम हेच विमान करावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

आता कागदाविषयी. वेष्टनावर त्याचे वजन 120 जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरला 120 ग्रॅम, दिले आहे. ए4 कागद एका चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणजे या कागदाचे एक विमान साडेसात ग्रॅमचे होते, तर नेहमीच्या 80 जीएसएम कागदाचे पाच ग्रॅमचे. पंख तेवढेच आणि वजन दीडपट, त्यामुळे विमानाला हवेत टिकण्यासाठी अधिक वेग लागतो, आणि हलक्या हाताने सोडून तरंगत जाणाऱ्या नमुन्यांना तो मिळतच नाही. शिवाय पाच-सहा थर एकावर एक आले की जाड कागदाची घडी नीट बसत नाही, आणि रंगाचा थर घडीवर तडकतो. कागदाचा ग्रेनही, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशाही, आडवा आहे. कागद हलकेच वाकवून पाहिला तर एका दिशेने तो सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने विरोध करतो. सहज वळताना पडणारी वाक ग्रेनला समांतर असते. विमानाची मधली घडी आणि पंखांच्या घड्या लांबीतच पडत असल्यामुळे ग्रेन उभा असलेला कागद निवडायला हवा होता.

याहून गंभीर दोष म्हणजे छापलेल्या तुटक रेषा. माझ्याकडच्या संचात अनेक कागदांवरची मध्यरेषा खऱ्या मध्यापासून जवळपास एक मिलिमीटर सरकलेली होती. ही चूक किरकोळ वाटते, परंतु प्रत्येक पुढची घडी त्याच रेषेवर बेतलेली असल्यामुळे शेवटी एक पंख दुसऱ्यापेक्षा रुंद होतो आणि विमान हट्टाने एकाच बाजूला वळत राहते. म्हणून रेषेकडे दुर्लक्ष करून कडेला कड आणि कोपऱ्याला कोपरा जुळवूनच पहिली घडी घालावी.

एका नमुन्यापुरता मात्र जाड कागद उपयोगी ठरला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पहिला नमुना म्हणजे परिचित बाण. तो जोराने फेकायचा असतो, आणि जड बाण हाताने दिलेला वेग अधिक काळ टिकवतो. लांब पल्ला आणि दीर्घ काळ ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत, हे जागतिक विक्रमांतूनही दिसते: डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत डिलन रूबल यांनी फेकलेले विमान 88.318 मीटर गेले, तर जपानच्या ताकुओ तोदा यांचे विमान 2010 मध्ये 29.2 सेकंद हवेत राहिले. पुस्तिकेने कोणता नमुना कशासाठी आहे हे स्पष्ट लिहिले असते, तर बरे झाले असते.

पुस्तिकेची एकमेव मोठी उणीव म्हणजे उडवून पाहिल्यानंतरच्या दुरुस्तीला तिने एकच ओळ दिली आहे. विमान सरळ जमिनीकडे झेपावत असेल, तर दोन्ही पंखांच्या मागच्या कडा बोटांनी एक-दोन मिलिमीटर वर वळवाव्यात. ते वर चढून अडखळत असेल, तर त्याच कडा थोड्या सपाट कराव्यात किंवा ते अधिक हळू सोडावे. ते डावीकडे वळत असेल, तर उजव्या पंखाची मागची कड किंचित वर करावी, आणि उजवीकडे वळत असेल तर डाव्या पंखाची. फेकण्यापूर्वी विमान डोळ्यांसमोर नाकाच्या बाजूने धरून दोन्ही पंख सारखे आहेत ना, आणि समोरून ते इंग्रजी वाय अक्षरासारखे किंचित वर उचललेले आहेत ना, हे पाहावे. असे पंख विमान एका बाजूला कलले तर त्याला पुन्हा सरळ करतात. एका वेळी एकच बदल करावा आणि तो करून दोन-तीनदा उडवावे, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

तिसरा नमुना, पुढची कड पुन्हा पुन्हा दुमडून केलेला रुंद पंखांचा, बंद खोलीत आणि हलक्या कागदावर अतिशय संथ आणि सुंदर तरंगतो. संचातल्या कागदावर तो निराशा करतो. चौथा, नळीसारखा गोल, दुमडलेली कड पुढे ठेवून सोडायचा असतो. तो गमतीदार आहे, पण शिकण्यासारखे त्यात फारसे नाही. उरलेले रंगीत कागद मी आता बाणांसाठीच वापरतो आणि ते वजनाखाली सपाट, कोरड्या जागी ठेवतो, कारण दमट हवेत कागद मऊ पडला की उत्तम घातलेली घडीही टिकत नाही.