मेकॅनिकचा स्टेथोस्कोप आणि वीस वर्षांची मारुती ८०० : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी वस्तू काय ते सांगते. डॉक्टरांकडे असतो तसाच स्टेथोस्कोप, फक्त छातीवर ठेवायच्या चकतीच्या जागी पातळ पडदा बसवलेली धातूची छोटी डबी आणि त्या डबीला आट्यांनी जोडलेली वीतभर पोलादी सळई. सळईचं टोक चालू इंजिनाच्या एखाद्या भागावर टेकवायचं. त्या भागाची थरथर सळईतून पडद्यापर्यंत जाते आणि नळीतून कानात येते. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. मला पाचशे रुपयांच्या आत मिळाला. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता ऊन तापायला लागलंय. इतके महिने वापरल्यावर लिहायला हरकत नाही.

गाडी बाबांनी २००५ मध्ये नवी घेतलेली मारुती ८००. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने इंधन फवारणारी), एसी नसलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून घेतली, पर्यावरण कर भरला, आणि पाच वर्षांनी परत तेच केलं, कारण गाडी अजून उत्तम चालते. ८००चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, तरी साताऱ्यात तिचा बहुतेक प्रत्येक सुटा भाग सहज मिळतो आणि स्वस्त मिळतो. यातूनच एक वाईट सवय पडलेली दिसते. आवाज आला की अंदाजाने एक भाग बदलायचा, नाही गेला तर दुसरा. जुन्या गाड्यांवरचा निम्मा खर्च अशा अंदाजांवर होतो असं माझं ठाम मत झालं आहे.

मी स्टेथोस्कोप घेतला तो एका घरघरीमुळे. सकाळी गाडी चालू केली की इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूने कोरडी घर्रर्र, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढायचा. यवतेश्वरचा घाट चढताना तर काचा बंद करूनही ऐकू यायची. एका गॅरेजमध्ये बोनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, “ताई, टायमिंग बेल्टचं पूर्ण किट टाकून घ्या.” हा अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग कोरडं पडलं की असंच घरघरतं. पण त्याच बाजूला आणखी दोन बेअरिंगवाले भाग आहेत, इंजिन थंड ठेवणारं कुलंट फिरवणारा वॉटर पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. ८००मध्ये ज्याला सगळे फॅन बेल्ट म्हणतात तो रेडिएटरचा पंखा फिरवतच नाही, पंखा विजेवर चालतो. तो पट्टा क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून वॉटर पंप आणि अल्टरनेटर फिरवतो. म्हणजे संशयित तीन, जागा एकमेकांना लागून, आणि उघड्या कानाला तिन्हींचा आवाज एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो.

सळई आधी वॉटर पंपाच्या बॉडीवर टेकवली. गुळगुळीत, पाणी वाहिल्यासारखा एकसारखा आवाज. मग टायमिंग कव्हरच्या मागे, इंजिन ब्लॉकच्या बोल्टवर. तिथे घरघर होती, पण लांबून आल्यासारखी. मग अल्टरनेटरच्या पुढच्या भागावर, पुलीच्या मागे. तिथे आवाज एवढा मोठा आला की मी हात मागे घेतला. कोरड्या गोळ्यांचा खरखरीत, तुटक आवाज, त्याबद्दल शंका राहावी असं काही नव्हतं. अल्टरनेटरच्या मागच्या टोकाला तोच आवाज निम्म्याहून कमी. हेडलाइट आणि ब्लोअर चालू केल्यावर अल्टरनेटरवर भार आला आणि खरखर आणखी जाड झाली.

एवढ्यावर थांबू नये. आमच्या नेहमीच्या मेस्त्रीकाकांनी फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालू केलं (बेल्ट नसताना वॉटर पंप फिरत नाही, म्हणून याहून जास्त वेळ नाही, बॅटरीचा दिवा लागतो, ते अपेक्षितच असतं). घरघर पूर्ण गेली, म्हणजे टेन्शनर संशयातून सुटला. मग अल्टरनेटरची पुली हाताने फिरवली तर बोटांना खडबड लागली, वॉटर पंपाची मात्र लोण्यासारखी फिरली. पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी कुलंटचा डागही नव्हता. पंपाचं सील जायला लागलं की तिथून गळून रंगीत खपली धरते, तेव्हा तेवढं वाकून बघायचंच. ऑटो इलेक्ट्रिशियनने अल्टरनेटर उतरवून दोन्ही बेअरिंगं बदलली. किटसाठी सांगितलेल्या रकमेचा पाव भागही लागला नाही.

या साधनाबद्दल माझं म्हणणं या एका प्रसंगात आलं. ते फक्त “कुठे” याचं उत्तर देतं. “काय बिघडलंय” ते तुम्हाला आवाज कधी येतो, कशाने वाढतो, कशाने थांबतो यावरून काढावं लागतं. पण “कुठे” कळल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये, आणि “कुठे” सांगण्यात हे साधन खरोखर चांगलं आहे.

थंडीत दुसरा आवाज आला, पहाटे टिक टिक टिक. ऐकणारा प्रत्येक जण टॅपेट म्हणाला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग ढिला झालाय. टॅपेटचा आवाज ओळखायला एक हिशोब उपयोगी पडतो. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, कॅमशाफ्ट, एकच घेतो. इंजिन मिनिटाला आठशे-साडेआठशे फेऱ्यांवर शांत चालत असेल तर एका ढिल्या टॅपेटची टिक सेकंदाला सहा-सात वेळा येईल, आणि क्रँकशी जोडलेल्या भागाची ठकठक त्याच्या दुप्पट. कानाने मोजणं अवघड आहे. फोनवर रेकॉर्ड करून त्याच्या लहरींमधली टोकं मोजली की जमतं. आमची टिक कॅमच्या वेगाची निघाली, पण टॅपेट कव्हरवर तिन्ही सिलिंडरपाशी सळई टेकवून पाहिली तर तिथे काही वेगळं नव्हतं. शिवाय इंजिन तापलं की टिक नाहीशी व्हायची.

इथे मी सळई डबीसकट काढून ठेवली आणि नळीचं नुसतं उघडं तोंड एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) सांध्याजवळून, न टेकवता, हळूहळू फिरवलं. एका कोपऱ्यात फट् फट् असा हवेचा फटकारा थेट कानात आला. मॅनिफोल्डचं पॅकिंग तिथे गेलं होतं आणि हेडवर काजळीची बारीक रेघ उमटली होती. एक सिलिंडरही क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो, म्हणून वेग टॅपेटचाच भासतो. गार असताना फट उघडी असते, धातू तापून फुगला की बंद होते. टॅपेट सेटिंग करून हा आवाज कधीच गेला नसता. ही उघड्या नळीची युक्ती खोक्यावरच्या सूचनांमध्ये नाही. मला मात्र ती सळईइतकीच मोलाची वाटते, हवा गळण्याचा आवाज पकडायला दुसरं इतकं सोपं काही नाही.

इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरांचीही एक टकटक असते आणि ती निरोगी असते. तिन्हींवर सळई टेकवून आवाज सारखा येतो का ते बघा, एखादा गप्प असेल तर तिथे काम आहे. मावशींच्या जुन्या डिझेल इंडिकावरही असंच चारही इंजेक्टर ऐकून पाहिले. डिझेल इंजिन मुळातच ठोकतं, त्यामुळे तिथे चौघांची आपसातली तुलनाच कामाची. म्हणूनच, स्टेथोस्कोप घेतल्यावर पहिल्या दिवशी गाडीत काही बिघाड नसतानाच सगळ्या जागा ऐकून ठेवा. चांगला वॉटर पंप कसा ऐकू येतो हे माहीत नसेल तर वाईट ओळखणार कसा?

काही आवाजांना याची गरज नाही. शेजारच्यांच्या सँट्रोत न्यूट्रलला घरघर यायची आणि क्लच दाबला की थांबायची. म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला असता तर क्लचला ढकलणारं रिलीज बेअरिंग. पट्ट्याच्या चिरचिरीला पाण्याचा हलका फवारा पुरतो, आवाज लगेच बदलला तर गोष्ट पट्ट्याची किंवा पुलीची. आणि चालत्या गाडीतले आवाज, चाकाचं बेअरिंग, वळताना ड्राइव्ह शाफ्टची कटकट, यांना हे साधन निरुपयोगी आहे.

खोल, जड ठकठक येत असेल, लोड पडल्यावर वाढत असेल, आणि त्यात ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर सळई-बिळई काही नको. इंजिन ताबडतोब बंद करा आणि गाडी टो करून न्या. बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) असेल तर दोन मिनिटांची ऐकाऐकी क्रँक खाऊन टाकते.

सुरक्षेबद्दल कळकळीने लिहिते आहे. ओढणी, लोंबणारी बाही, मोकळे केस यांतलं काहीही चालू पट्ट्याजवळ नको. रेडिएटरचा पंखा विजेवर असल्याने कधीही सुरू होतो, इंजिन बंद पण चावी चालू असली तरीही. प्लगच्या वायरींजवळ सळई नेऊ नका, जुन्या वायरीतून ठिणगी सळईवर उडते. टोक आधी हलकेच टेकवा, कारण घसरून आपटलं तर तो दणका कानात सहन होत नाही. मेस्त्रीकाका वर्षानुवर्षं लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकतात आणि अचूक सांगतात. पण त्यात चेहरा पट्ट्याच्या फार जवळ जातो. मला स्टेथोस्कोप आवडण्याचं हे मोठं कारण आहे.

वस्तू म्हणून उणिवा आहेत. कानातले बोळे कडक प्लास्टिकचे, दहा मिनिटांत दुखतात. मी औषधांच्या दुकानातून डॉक्टरी स्टेथोस्कोपचे मऊ बोळे आणून बसवले. नळ्या बॉडीला घासल्या तरी खसखस ऐकू येते, त्या दुसऱ्या हाताने धरून ठेवाव्या लागतात. एका नळीला डबीजवळ आताच बारीक चिरा दिसू लागल्यात, इंजिनाच्या धगीने असणार. सळई अल्टरनेटरच्या खालच्या बाजूला पोचत नव्हती, म्हणून लेथवाल्याकडून त्याच आट्यांची फूटभर लांब सळई करून घेतली. ती छान चालते, आवाजात मला फरक वाटला नाही.

घेताना सळई फिरवून निघते का ते दुकानातच बघा. काहींमध्ये ती डबीत चिकटवलेली असते, मग लांब सळई लावता येत नाही. तसला घेऊ नका.