चेहरा, पाठमोरा की नुसतं फूल? डीपी ठरवायच्या आधी

डीपीला स्वतःचा फोटो ठेवू की नको असं कुणी विचारलं की दोनच उत्तरं येतात, एकतर "तू काय सेलिब्रिटी आहेस का, कोण बघतंय" नाहीतर थेट "सगळी अकाउंटं डिलीट कर". ज्याला खरंच ठरवायचंय त्याला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. म्हणून पर्याय शेजारी शेजारी ठेवून बघतेय: सगळ्या जगाला दिसणारा खरा फोटो, फक्त ओळखीच्यांना दिसणारा खरा फोटो, पाठमोरा किंवा गॉगलवाला किंवा लहानपणचा फोटो, फूल-मांजर-कार्टून, आणि हल्ली आलेला एआयने बनवलेला खोटा चेहरा. काहीच न ठेवता करडं डोकं तसंच सोडणं हाही पर्याय आहे, पण तो फुलाच्याच जातीचा.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे कुणाला शेवटापर्यंत ताटकळायला नको. नावासकट उघडा चेहरा फक्त तिथे ठेवा जिथे त्या चेहऱ्यामुळे तुमचं काही काम होतं, मेसेजिंग अ‍ॅपवर कॉन्टॅक्टपुरता, आणि जिथे तुम्ही टोपणनावाने लिहिता तिथे अजिबात नाही. एआयचा चेहरा कुठेच नको. असं का, ते खाली.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढची तुलना फुकट. साधा इमेज सर्च, म्हणजे २००८ पासूनची टिनआय ही साइट किंवा २०११ मध्ये गूगलने आणलेला, तो आपण टाकलेला तोच फोटो किंवा त्याची कापलेली कॉपी शोधायचा. तुम्ही फोटो बदलला की त्याला काही सापडायचं नाही. फेस सर्चचं तसं नाही, तो फोटो सोडून माणूस शोधतो. चेहऱ्याचं तो आकड्यांच्या एका रांगेत रूपांतर करतो (गूगलच्या २०१५ च्या फेसनेट या चेहरे ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये ही रांग १२८ आकड्यांची होती) आणि दोन रांगा जवळजवळ आल्या की म्हणतो हा तोच माणूस. कपडे वेगळे, केस वेगळे, दुसऱ्याच कुणी काढलेल्या ग्रुप फोटोत तुम्ही मागे उभे, तरी चालतं. पिमआइज नावाची अशी साइट तर कुणालाही वापरता येते, पैसे भरले की झालं. २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी कॅमेरा असलेला चष्मा आणि असली फेस सर्च साइट एकत्र जोडून समोरच्या अनोळखी माणसाचं नाव-गाव शोधून दाखवलं होतं, लोकांना सावध करायला.

याचा अर्थ काय, तर चेहरा हा तुमच्या सगळ्या अकाउंटांना एकत्र ओवणारा धागा आहे. लिंक्डइनवर खऱ्या नावासकट एक फोटो आहे, आणि दुसरीकडे टोपणनावाने तुम्ही आजारपणाबद्दल किंवा नवऱ्याच्या त्रासाबद्दल किंवा बॉसबद्दल लिहिताय आणि तिथेही डीपीला स्वतःचा, पण वेगळाच फोटो आहे, तर टोपणनाव गेलं बाराच्या भावात. म्हणून एकेका अ‍ॅपचा सुटा विचार करून भागत नाही, कुठला चेहरा कुठल्या नावाला आणि कुठल्या नंबरला जोडला जातोय ते बघायचं.

आता उघडा खरा फोटो. त्याचे फायदे खोटे नाहीत. तुम्ही घरगुती ऑर्डर घेता, क्लास घेता, फ्रीलान्स काम करता, नोकरी शोधता, तर समोरच्याला आपण कुणाशी बोलतोय हे दिसणं फार मोठी गोष्ट आहे आणि फूल लावलेल्या माणसाला लोक अ‍ॅडव्हान्स पाठवत नाहीत. जुने मित्र सापडतात. एकाच नावाची पन्नास माणसं असतात त्यातून तुम्ही ओळखू येता. तोटा हा की परत घेता येत नाही. क्लिअरव्ह्यू एआय कंपनीने इंटरनेटवरचे अब्जावधी फोटो कुणालाही न विचारता गोळा केले आणि पोलिसांना फेस सर्च विकला, हे २०२० च्या जानेवारीत उघड झालं. नेदरलँड्सच्या डेटा प्रायव्हसी यंत्रणेने २०२४ मध्ये त्यांना ३.०५ कोटी युरो दंड ठोठावला, त्याआधी २०२२ मध्ये इटलीने २ कोटी ठोठावला होता. दंड झाला म्हणून तुमचा फोटो तिथून गेला असं नाही ना. तुम्ही आज डीपी काढला तरी काल उचललेली कॉपी तिथेच. पिमआइजवर आपला चेहरा निकालांतून काढून घ्यायची सोय आहे, पण त्यासाठी त्यांना आपला फोटो आणि ओळखपत्राची कॉपी पाठवायची, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

उलट बाजूही सांगते. फेसबुकने २०२१ च्या नोव्हेंबरात फोटोत लोकांना आपोआप ओळखणारी सिस्टीम बंद केली आणि एक अब्जाहून जास्त लोकांचे चेहऱ्याचे साचे, म्हणजे वर सांगितल्या तशा आकड्यांच्या रांगा, पुसत असल्याचं जाहीर केलं. पण ते उगाच मन बदललं म्हणून झालं असं समजू नका, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या २००८ च्या बायोमेट्रिक (चेहरा, बोटांचे ठसे वगैरेंच्या) कायद्याखाली त्यांना ६५ कोटी डॉलर द्यायला लागले होते. कायदा दात दाखवतो तिथे कंपन्या ऐकतात, बाकी ठिकाणी वाटाण्याच्या अक्षता.

ओळखीच्यांपुरता फोटो. बहुतेकांसाठी हाच बरा आणि गंमत म्हणजे यासाठी फक्त एक सेटिंग बदलायचंय पण निम्म्या लोकांनी ते उघडूनही बघितलेलं नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो कुणाला दिसावा यात सगळे, माझे कॉन्टॅक्ट, अमुक अमुक सोडून कॉन्टॅक्ट, आणि कुणीच नाही असे चार पर्याय आहेत. 'सगळे' ठेवलं तर कुठल्यातरी फॉर्मवर तुमचा नंबर वाचलेला माणूस तो सेव्ह करतो आणि तुमचा चेहरा बघतो, म्हणजे नंबरला चेहरा जोडून मिळाला. टेलिग्राममध्ये अजून एक बरी सोय आहे, ज्यांना खरा फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी वेगळा पब्लिक फोटो लावता येतो, म्हणजे घरच्यांना चेहरा आणि बाकीच्यांना डोंगर. लिंक्डइनवरही फोटो फक्त कनेक्शनना किंवा नेटवर्कला दिसेल असं करता येतं. इन्स्टाग्रामवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवा, अकाउंट प्रायव्हेट केलं तरी डीपी आणि बायो सगळ्यांना दिसतंच, पोस्ट तेवढ्या लपतात. प्रायव्हेट केलं म्हणून डीपीला क्लोजअप लावून निवांत बसलेले कितीतरी जण मी बघते.

या पर्यायाचं कच्चं टोक म्हणजे तुमचे कॉन्टॅक्ट. पाचशे नंबर सेव्ह असतात, त्यात गॅसवाला, जुना घरमालक, एकदाच भेटलेला एजंट. व्हॉट्सअ‍ॅपने डीपी सेव्ह करायची सोय २०१९ मध्येच काढली, नंतर स्क्रीनशॉटही अडवायला लागले, पण दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार. तरी फरक पडतो. हजारो नंबरांचे डीपी एका झटक्यात ओढणाऱ्या प्रोग्रामला जे सहज मिळालं असतं ते आता एकेकाला मुद्दाम चोरायला लागतं.

आता तो "माझा नवीन नंबर सेव्ह कर" वाला फ्रॉड. कुणीतरी तुमचा डीपी उचलतो, तुमचंच नाव टाकतो, नव्या नंबरवरून तुमच्या काकांना लिहितो, फोन पाण्यात पडला, अर्जंट आहे, पैसे टाका, संध्याकाळी देतो. लोक म्हणतात म्हणून डीपी ठेवूच नका. मला हे अर्धंच पटतं. तुमचा डीपी गुलाबाचा असेल तर गुलाब कॉपी करणं त्याहून सोपं, काकांना तर गुलाबच ओळखीचा. या फ्रॉडवर डीपी हे औषधच नाही, घरच्यांना एवढंच सांगून ठेवायचं की पैशाचा मेसेज आला की आधी जुन्या नंबरवर कॉल करायचा. चेहरा लपवल्याने टळतं ते दुसरंच काहीतरी, तुमच्या फोटोवरून बनवलेली घाणेरडी चित्रं. त्याला पूर्वी खूप फोटो लागायचे, आता एक स्वच्छ समोरून काढलेला पुरतो. ज्या मुली या एका कारणासाठी फोटो देत नाहीत त्यांना "एवढी काय घाबरतेस" म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं.

अर्धवट फोटो. पाठमोरा, डोंगराकडे बघणारा, हा मला आवडतो, ओळखीच्या माणसाला चालण्या-उभं राहण्यावरून कळतं आणि मशीनला चेहराच नाही तर काय मिळणार. गॉगल आणि मास्क यावर मात्र विसंबू नका. २०२० मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने तपासलं तेव्हा मास्कवाल्या चेहऱ्यांवर त्यावेळचे अल्गोरिदम ५ ते ५० टक्के चुकत होते, पण काही महिन्यांतच मास्क लक्षात घेऊन बनवलेले नवे आले आणि चुका कमी झाल्या. लहानपणचा फोटो गोड दिसतो, मशीनला जुळवायला अवघड जातो, फक्त शेजारी उभ्या असलेल्या भावंडाला विचारा. चेहरा ब्लर करणार असाल तर हलका ब्लर नको, सरळ काळा ठोकळा किंवा मोठ्ठा स्मायली, आणि एडिट केलेला फोटो नवीन फाइल म्हणून सेव्ह करा.

फोटोतल्या बाकीच्या गोष्टींकडे कुणाचं लक्षच नसतं. गळ्यातलं आयकार्ड, मागे उभ्या गाडीची नंबरप्लेट, खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी. २०१९ मध्ये जपानमध्ये एका माणसाने एका पॉप गायिकेच्या सेल्फीत, तिच्या बुबुळात दिसणाऱ्या प्रतिबिंबावरून तिचं स्टेशन शोधलं, स्ट्रीट व्ह्यूवर जुळवलं आणि तिथे जाऊन तिच्या मागावर राहिला. फोटोच्या फाइलमध्ये लोकेशनही असू शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते गळून पडतं, पण क्वालिटी चांगली राहावी म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं जसंच्या तसं जातं, मेलच्या अटॅचमेंटचंही तेच.

फूल, मांजर, कार्टून यावर फार बोलण्यासारखं नाही. टोपणनावाच्या अकाउंटला हेच, ताकास तूर लागत नाही. एकच काळजी घ्या, तेच मांजर सगळीकडे लावू नका, साधा इमेज सर्चही ते जोडून देतो. अनोळखी ग्रुपवर लोक बॉट समजतात, तर दोन वाक्यं धड बोललात की तो संशय फिटतो.

एआयचा चेहरा का नको? कारण त्यात दोन्हीकडचं नुकसान एकत्र येतं. चेहरा लपला हे खरं, पण समोरच्याशी तुम्ही खोटं बोललात, आणि ते कळलं की फुलवाल्यापेक्षा तुमच्यावर जास्त संशय. २०१९ च्या डिसेंबरात फेसबुकने बनावट अकाउंटांचं एक मोठं जाळं काढून टाकलं त्यातल्या बऱ्याच अकाउंटांना असेच बनवलेले चेहरे होते, तेव्हापासून तपासणारे लोक असे चेहरे शोधतच असतात. स्वतःच्या फोटोवरून काढून घेतलेलं कार्टून वेगळं, ते कार्टून आहे हे दिसतं. पण ते बनवायला तुमचा फोटो कुठल्या अ‍ॅपला दिलात तेही बघा, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

आणि हे सगळं ठरवून झालं तरी दुसरी माणसं आहेतच. मावशीने ग्रुप फोटो टाकला आणि टॅग केलं. टॅग काढल्याने फक्त नाव सुटतं, फोटो तिथेच राहतो, काढायला मावशीलाच सांगावं लागतं. "मावशी, तो फोटो काढ ना, नाहीतर मला त्यातून कापून टाक" एवढं खासगीत म्हटलं तर काढते बिचारी, सगळ्यांसमोर कमेंटमध्ये म्हटलं तर रुसते. त्याहून सोपं म्हणजे फोटो काढताना आधीच म्हणणं, मी फोटोत आहे पण ऑनलाइन नको. ऑफिसच्या वेबसाइटसाठी मागतात तेव्हा नावाच्या आद्याक्षरांचा गोल चालेल का विचारा, बऱ्याचदा चालतो, कुणी विचारत नाही म्हणून सगळे फोटो देतात. कारण सांगायला बांधील नाही तुम्ही, जितकं कारण द्याल तितका वाद वाढतो. बँकेची केवायसी वगैरे ठिकाणी मात्र नको म्हणून चालत नाही, तो विषयच वेगळा.

नको म्हणणारे आपणच पहिले असं कुणाला वाटत असेल तर अमेरिकेत १९०२ साली अ‍ॅबिगेल रॉबर्सन नावाच्या मुलीची केस होती, पिठाच्या कंपनीने न विचारता तिचा फोटो जाहिरातीवर छापून हजारो पोस्टर लावली, ती कोर्टात गेली आणि हरली. लोक इतके चिडले की न्यूयॉर्कने पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, परवानगीशिवाय कुणाचा फोटो धंद्यासाठी वापरायला बंदी करणारा कायदा केला. मुलांच्या बाबतीत फ्रान्सने २०२४ मध्ये पोरांच्या फोटोवरचा हक्क सांभाळणं ही आईबापांची जबाबदारी असं कायद्यातच लिहिलं. आपण पोराचा डीपी ठेवतो तेव्हा त्याने होच म्हटलेलं नसतं, म्हणून पोरांचा फोटो मी वरच्या कुठल्याच पर्यायात धरलेला नाही.

ठरलं असेल तर नवीन डीपी लावायच्या आधी जुने बघा. फेसबुकवर डीपी बदलला तरी आधीचे सगळे प्रोफाइल पिक्चरच्या अल्बममध्ये पडून असतात, एकेक करून त्यांची सेटिंग बदलायला लागते. ग्रॅव्हॅटार, म्हणजे ईमेल पत्त्याला एकदा जोडला की अनेक साइटवर आपोआप दिसणारा फोटो, असेल तर तो तुम्ही विसरून गेलेल्या साइटवरही दिसतो. आणि गूगल अकाउंटचा फोटो, जो बहुतेकांनी फोन घेतला त्या दिवशी लावलाय आणि जो तुम्ही मेल टाकाल त्यातल्या बऱ्याच जणांना दिसतो, तो एकदा उघडून बघाच.