बोलका पेन आणि विमान-अवकाशाचे तक्ते: दिवाळीपासूनचा अनुभव, आणि राइट बंधूंचे ते १२०

पेन बंद पडला म्हणून लिहायला बसलोय, त्यामुळे सुरुवातीला थोडा तिखटपणा येईल, सांभाळून घ्या. विमानं आणि अवकाशयानांच्या इतिहासाचे चार तक्ते, सोबत टेकवला की बोलणारा पेन, मराठी आवाज. कंपनीचं नाव घेत नाही. ज्यांच्या घरी हा निळा पेन आहे त्यांना दोन ओळींत ओळख पटेल. मेमरी किती, चार्ज किती तास टिकतो हे डब्यावर छापलेलं आहे, ते इथे परत उतरवत नाही.

घेतला दिवाळीत, नाशिकमध्येच, घासाघीस करून १,८५० रुपयांना. त्याच्या थोडंच आधी, १७ ऑक्टोबर २०२५ ला, नाशिकजवळच्या ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान उडालं होतं आणि घरात विमानाशिवाय दुसरा विषय नव्हता. सासरे (आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो) ओझर मिगमधून, म्हणजे एचएएलच्या तिथल्या विमान कारखान्यातून, रिटायर झालेले. मुलगी पाचवीत. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीत. म्हणजे हे तक्ते तपासायला याहून खवट घर कंपनीला मिळालं नसतं.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. छपाई उत्तम. तक्त्यावर भिंग धरलं की चित्राखाली करड्या ठिपक्यांची बारीक रांगोळी दिसते. पेनच्या टोकात इन्फ्रारेड कॅमेरा आहे, तो ठिपक्यांची मांडणी वाचतो आणि तिला जोडलेली ध्वनिफाइल वाजवतो. बस, एवढंच. चित्राशी पेनला काही देणंघेणं नाही. हे कळल्यावर मुलीने सगळ्या भिंतीला, भावाच्या शर्टाला आणि मांजरालाही पेन टेकवून खात्री करून घेतली. बाईंचा आवाज स्वच्छ आहे, उगाच लाडात येऊन बोलत नाहीत.

मजकूरही बहुतेक ठिकाणी दमदार. पहिला अंतराळवीर गागारिन याच्या चौकटीत १२ एप्रिल १९६१ आणि १०८ मिनिटं एवढ्यावर थांबत नाहीत. तो यानात बसून जमिनीवर उतरला नव्हता, साधारण सात किलोमीटर उंचीवर यानाबाहेर फेकला जाऊन स्वतंत्र पॅराशूटने उतरला, आणि विक्रमाच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने विमानासकट उतरायला हवं म्हणून रशियाने हे बरीच वर्षं दडवून ठेवलं, हेसुद्धा सांगतात. यानाबाहेर पहिल्यांदा तरंगलेल्या लिओनोव्हचा १९६५ मधला अंतराळपोशाख फुगल्यामुळे त्याला परत यानात येणं कसं अवघड झालं, तेही आहे. भारताच्या तक्त्यावर १८ फेब्रुवारी १९११ चं अलाहाबाद ते नैनी हे हवाई टपाल आहे. आन्री पेके नावाचा फ्रेंच वैमानिक, सुमारे साडेसहा हजार पत्रं, अंतर जेमतेम दहा किलोमीटर, मध्ये यमुना. त्या चौकटीवर पेन टेकवला की इंजिनाची घरघर ऐकू येते. ती आमच्याकडे इतकी वाजली की शेजारच्या काकूंनी मिक्सर दुरुस्त करून घ्या म्हणून सुचवलं.

आता मुद्द्याचं. पहिला तक्ता, वर डावीकडे. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉकजवळच्या किल डेव्हिल हिल्स, आणि जॉन डॅनियल्सने टिपलेला तो जगप्रसिद्ध फोटो. पेन टेकवा. बाई म्हणतात, ‘ऑर्व्हिल राइट यांनी बारा सेकंदांत एकशे वीस मीटर अंतर पार केले.’ छापलंय पण तेच: १२० मी.

१२० फूट हो! फूट! म्हणजे साडेछत्तीस मीटर. ओझरला बनणारी दोन सुखोई एकामागे एक उभी केली तर त्यांची लांबी यापेक्षा जास्त भरेल. जगातलं पहिलं विमानोड्डाण एवढंच होतं, आणि एवढंच होतं यातच त्याची गंमत आहे.

‘एका आकड्यावरून कुठे डोकं लावतोस’ असं बायको म्हणाली. पण त्याच चौकटीतला फोटो बघा. उजव्या पंखाच्या टोकापाशी विल्बर उभा आहे, कोट-टोपी घातलेला. तो रुळावर विमानाचा तोल सांभाळत पंखाला धरून पळत आला आणि नुकताच त्याने हात सोडलाय. आता हिशेब करा. बारा सेकंदांत १२० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. विल्बरला वाळूत, कोट घालून, शंभर मीटरच्या ऑलिंपिकवाल्याइतकं पळावं लागलं असतं. फूट धरा, ताशी अकरा किलोमीटर येतात. माणूस आरामात सोबत पळतो. फोटोच सांगतोय की आकडा चुकलाय, आणि तो फोटो त्यांनीच छापलाय!

आणि इतकं हळू का? कारण समोरून ताशी चाळीस किलोमीटरच्या वर वारा होता. हवेच्या तुलनेत विमान ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास जातच होतं, पण जमिनीच्या हिशेबाने रांगत होतं. चार्ली टेलर या त्यांच्या मेकॅनिकने सायकलच्या दुकानात बनवलेलं इंजिन, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, ताकद बारा अश्वशक्ती. हे सगळं पोराला समजावून सांगायची केवढी सोन्यासारखी जागा होती. मीटर लिहून ती घालवली. त्याच दिवशीच्या चौथ्या उड्डाणाचंही तेच. विल्बर, ५९ सेकंद, आणि तक्त्यावर ‘८५२ मी.’ खरे ८५२ फूट, म्हणजे २६० मीटर.

आप्पांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, परत वाचलं आणि म्हणाले, ‘जावईबापू, असं ड्रॉइंग आमच्याकडे आलं असतं तर मी शिक्काच मारला नसता.’ ओझरचा कारखाना १९६४ पासूनचा, मिग-२१ साठी उभारलेला. रशियन ड्रॉइंग, सगळं मिलिमीटरमध्ये, विमानातला उंचीमापकही मीटरमध्ये. आणि बाहेरचं बरंचसं जग उंची फुटात बोलणारं. त्यामुळे एकक न वाचता आकडा वाचणाऱ्यावर आप्पांचा फार जुना राग आहे.

त्याहून मोठा विनोद चौथ्या तक्त्यावर. खाली उजवीकडे लाल चौकट: मार्स क्लायमेट ऑर्बिटर. २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळाजवळ पोचताच यान गेलं, कारण जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर रेट्याचे आकडे पौंड-फोर्स-सेकंदात देत होतं आणि पुढची गणितं ते न्यूटन-सेकंद समजून होत होती. फरक ४.४५ पटींचा. सव्वादोनशे किलोमीटर उंचीवरून जायचं यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली घुसलं. बाई शेवटी गंभीर आवाजात म्हणतात, ‘म्हणून एककांकडे लक्ष देणे महत्त्वाचे आहे.’ मी कपाळावर हात मारला.

मग कस्टमर केअर. ईमेलला फोटो, हिशेब, सगळं जोडलं. उत्तर: ‘सर, कृपया पेन रीसेट करून पाहा.’ परत लिहिलं की चूक पेनात नाही, मजकुरात आहे. उत्तर: ‘आमच्या तज्ज्ञ टीमने तपशील तपासलेले आहेत.’ तिसऱ्यांदा मी त्यांना १९८३ चं गिम्ली प्रकरण लिहून पाठवलं. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७, इंधनाचा काटा बंद, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजमाप. हवं होतं २२,३०० किलो इंधन. लिटरचं वजन करताना किलोच्या जागी पौंडाचा गुणक वापरला, त्यामुळे निम्म्याहून कमी भरलं. ४१,००० फुटांवर इंजिनं थांबली. कॅप्टन बॉब पिअरसन हौसेने ग्लायडर उडवणारा निघाला, म्हणून विमान तरंगत तरंगत गिम्लीच्या जुन्या धावपट्टीवर उतरलं आणि सगळे वाचले. या ईमेलला उत्तर आलं: ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.’

इथपर्यंत मी होळीच्या सुमारास लिहून ठेवलं होतं आणि एक तारा देऊन टाकणार होतो. पण मध्ये दोन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे बंद पडलेल्या पेनची दुरुस्ती. तो चार्जच होत नव्हता. वॉरंटी होती. कंपनी म्हणाली चार्जिंगच्या खाचेत धूळ आहे, म्हणजे ‘फिजिकल डॅमेज’, म्हणजे वॉरंटीत बसत नाही. दुरुस्तीचे ६५० रुपये आणि जाण्यायेण्याचं कुरिअर आपलं. नाशकात मार्चनंतर धूळ नसलेली एक तरी वस्तू दाखवा. एम. जी. रोडला मोबाइलवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने पेन उघडला, पिन हलवून बघितली, सुटलेली होती. नवी चार्जिंग पिन डाग देऊन बसवली, १५० रुपये, चहा त्यानेच पाजला. तेव्हापासून चार्जिंग पहिल्यापेक्षा जास्त टिकतंय असं मला वाटतं. बायको म्हणते पाचशे वाचल्याचा आनंद आहे तो. असेल.

दुसरं म्हणजे कंपनीचा मेसेज आला: ‘सुधारित ध्वनिफाइल उपलब्ध.’ लिंकवरून उतरवली, कार्डवर टाकली, पेन टेकवला. ‘एकशे वीस फूट.’ वा! चौथं उड्डाण: ‘आठशे बावन्न फूट.’ घरात टाळ्या. मी लगेच त्यांना आभाराचं ईमेल टाकलं, खरं सांगतो, मनापासून. तीन तारे नक्की केले, चारचा विचार चालू होता.

संध्याकाळी मुलगी त्याच तक्त्यावर पुढे गेली. आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ, पॅरिस, १२ नोव्हेंबर १९०६. बाई म्हणाल्या, ‘दोनशे वीस फूट.’

अहो, ते २२० मीटरच आहेत! तिथे छापलेलं ‘२२० मी.’ बरोबर होतं, आवाजही बरोबर होता. यांनी त्या तक्त्यावरचे सगळे मीटर उचलून फूट करून टाकले. आणि चूक केली तीही नेमकी अशा जागी की जिथे खरा वाद आहे. ब्राझीलमध्ये आजही पहिलं विमान सांतोस-द्युमाँचंच मानणारे भरपूर आहेत. त्यांचं म्हणणं, राइटांचं विमान रुळावरून निघालं, आमचं स्वतःच्या चाकांवर, भर गर्दीसमोर. यावर मत काय बनवायचं ते बनवा, पण त्यासाठी अंतरं शेजारी शेजारी ठेवावी लागतात: १९०३ ला २६० मीटर, १९०६ ला २२० मीटर. जुन्या फाइलमध्ये राइट फुगले होते, नव्या फाइलमध्ये सांतोस-द्युमाँ आटलाय. ब्लेरिओ वाचला, कारण त्याच्या १९०९ च्या इंग्लिश खाडीवरच्या उड्डाणात मीटर नव्हते, किलोमीटर होते.

इतर अभिप्रायांत तळपदे का नाहीत म्हणून एक तारा देणारे दोघे-तिघे दिसले. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ ला चौपाटीवर विमान उडवलं असं आपण सगळे ऐकत आलोय, पण त्याला त्या काळातला ठोस पुरावा नाही. तक्त्यात नाव नाही हे मला खटकलं नाही. मला खटकलं ते ओझर नाही हे. राकेश शर्मांची चौकट आहे, ३ एप्रिल १९८४, यान सोयूझ टी-११, अंतराळस्थानक सल्यूत-७, सगळं बरोबर. पण अंतराळातून आल्यावर पुढे हाच माणूस एचएएलच्या नाशिक विभागात मुख्य चाचणी वैमानिक होता, १९९२ पर्यंत, हे कुठेही नाही. आप्पांनी त्या चौकटीखाली पेन्सिलने ‘नंतर ओझर’ लिहून ठेवलंय. तेवढी दुरुस्ती फुकटात झाली.

दर पाहता घ्यायचा की नाही? अठराशेच्या आत मिळत असेल तर घ्या. पोरं तक्त्यांपुढून हलत नाहीत, हे मान्यच करायला हवं. पहिल्या तक्त्यावर पहिल्याच दिवशी जाड पेनाने फूट-मीटर दुरुस्त करून टाका. शाई ठिपक्यांवर चढली तर पेन मुका होतो, म्हणून कडेला लिहा. चार्जरची वायर सरळ काढा, तिरकी ओढली की पिन जाते. कंपनीच्या सर्व्हिसच्या वाटेला जाऊ नका. नवी फाइल उतरवण्याआधी जुनी कॉम्प्युटरवर जपून ठेवा. मी ठेवली होती, त्यामुळे सध्या दोन कार्डं करून घेतली आहेत, एक राइट बंधूंसाठी, एक सांतोस-द्युमाँसाठी. दुसरं कार्ड २०० रुपयांना पडलं, त्याचं बिल कंपनीला पाठवलंय.

अडीच तारे. कुणाकडे दोन्ही आकडे बरोबर सांगणारी तिसरी फाइल आली असेल तर कळवा.