बेरिलनंतर आयआरएतून काढलेले पैसे परत भरले, २०२४ चं रिटर्न दुरुस्त केलं – शुगर लँडच्या टॅक्सवाल्या काकांचा अनुभव (५ पैकी ४.५)

रिव्ह्यू लांबलाय, पण ह्यूस्टनकडे बेरिल चक्रीवादळाच्या वेळी माझ्यासारखेच आयआरएतून, म्हणजे रिटायरमेंटच्या खात्यातून, पैसे काढलेले बरेच जण आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना ते परत भरता येतात हेच माहीत नाही, म्हणून सगळं लिहिते.

८ जुलै २०२४ ला बेरिल आलं. मागच्या अंगणातला ओक थेट छपरावर पडला, आठ दिवस लाइट नाही, वरच्या दोन्ही खोल्यांत पाणी. इन्शुरन्स होता पण वादळाचं डिडक्टिबल इकडे घराच्या विम्याच्या टक्क्यांत असतं, आमचं २ टक्के, म्हणजे ९,००० डॉलर आधी आपल्याच खिशातून. त्यात फ्लोअरिंग, कुंपण, हॉटेल धरून शेवटी ऑगस्टमध्ये जुन्या नोकरीच्या आयआरएतून १८,००० काढले. तो आकडा टाकताना हात थरथरत होता खरंच, बारा वर्षांची बचत होती ती.

सरकारने डिझास्टर जाहीर केलेल्या भागात राहत असाल आणि नुकसान झालं असेल तर २२,००० पर्यंत काढता येतात, ५९½ वर्षांच्या आधी काढल्याचा १० टक्के दंड लागत नाही आणि ते उत्पन्न तीन वर्षांत सारखं वाटून दाखवता येतं. एवढं मला माहीत होतं. त्यामुळे २०२४ चं रिटर्न मी सॉफ्टवेअरवर स्वतःच भरलं, ६,००० दाखवले, टॅक्स भरला आणि विषय संपला असं धरून चालले. आपल्याकडे पीएफचा ऍडव्हान्स काढला की तो परत भरायची सोय नसते ना, डोक्यात तेच बसलेलं.

मग २०२५ च्या नोव्हेंबरात नवऱ्याचा बोनस आला, दोन वर्षं भारतात गेलो नव्हतो त्याचे पैसे साठले होते, म्हटलं परत टाकता येतील का विचारावं. घराजवळच्या एका टॅक्स ऑफिसात फोन केला तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं की साठ दिवस उलटून गेले, आता काही होत नाही. मी चार दिवस फार हळहळले. साठ दिवसांचा नियम साध्या रोलओव्हरचा (एका रिटायरमेंट खात्यातले पैसे दुसऱ्यात हलवण्याचा) आहे, डिझास्टरच्या पैशांना पैसे मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन वर्षं मिळतात, हे मला मराठी शाळेतल्या एका मैत्रिणीने सांगितलं आणि तिनेच या काकांचा नंबर दिला.

काका एनरोल्ड एजंट (अमेरिकेच्या टॅक्स खात्याचा परवाना असलेले) आहेत, मूळचे नागपूरचे, ऑफिस म्हणजे दोन खोल्या. गेल्या गेल्या त्यांनी १०९९-आर (पैसे काढल्याची नोंद असलेला फॉर्म) मागितला, २०२४ चं रिटर्न मागितलं आणि पैसे कुठल्या फॉर्मवर पाठवताय ते दाखवा म्हणाले. मी आयआरए कंपनीच्या वेबसाइटवरून भरलेला फॉर्म दाखवला तर म्हणाले, "ताई, आधी हा चेक थांबवा." मी त्यावर २०२५ चं कॉन्ट्रिब्युशन असं टिक केलं होतं! त्या वर्षाची मर्यादा ७,००० ची, म्हणजे वरचे ११,००० जादा धरले गेले असते आणि ते दुरुस्त होईपर्यंत दर वर्षी ६ टक्के, म्हणजे ६६० डॉलरचा दंड. डिझास्टरच्या पैशांची परतफेड अशी वेगळी नोंद व्हायला लागते. त्यांनी माझ्यासमोर कंपनीला फोन लावला, पाऊण तास होल्डवर बसले, योग्य फॉर्म मागवून घेतला. या एका गोष्टीसाठीच मी पाच स्टार द्यायला तयार आहे.

पुढचा हिशोब त्यांनी कागदावर मांडून दाखवला. १८,००० नोव्हेंबर २०२५ मध्ये परत गेले. २०२५ च्या वाट्याचे ६,००० तिथेच वजा, उरले १२,०००, त्यातले ६,००० मागे २०२४ वर न्यायचे आणि ६,००० पुढे २०२६ साठी ठेवायचे. फेब्रुवारीत २०२५ चं रिटर्न ८९१५-एफ (डिझास्टरच्या पैशांचा फॉर्म) जोडून गेलं आणि त्यासोबत २०२४ साठी १०४०-एक्स (रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म), त्यालाही नवा ८९१५-एफ, आणि बदल का करतोय ते साध्या चार ओळींत. ८९१५-एफवर कुठलं वर्ष ते टिक करायचं असतं आणि डिझास्टरचा फेमा (सरकारचं आपत्ती खातं) नंबर लागतो, बेरिलचा डीआर-४७९८-टीएक्स, तो त्यांना तोंडपाठ होता. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही म्हणून आमचं तेवढ्यावर भागलं, माझ्या न्यू जर्सीच्या भावाला मात्र राज्याचं काय करायचं ते तिथल्या माणसाला वेगळं विचारा असं त्यांनी बजावलं.

आम्ही २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, त्यामुळे २०२४ चे १,३२० डॉलर परत यायचे होते. तीन आठवड्यांनी टॅक्स खात्याच्या वेबसाइटवर दिसायला लागलं आणि अकराव्या आठवड्यात थेट बँकेत आले. ८ ते १२ आठवडे लागतात, १६ पण लागू शकतात हे काकांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी रोज उठून बघत बसले नाही.

फी दोन्ही रिटर्नची मिळून ५२५, महाग वाटली, पण आकडा कामाच्या आधी सांगितला आणि शेवटी तेवढाच घेतला. अर्धा स्टार कापलाय तो मार्चमुळे. मार्चमध्ये ईमेलला आठ-आठ दिवस उत्तर नाही, फोन उचलायला एकच मुलगी, आणि एकदा अपॉइंटमेंट असून तासभर बसवलं. ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना तेवढा वेळ फार जड जातो, काकांनी सीझनला अजून एक माणूस ठेवायलाच हवा.

जाताना १०९९-आर, पैसे काढल्याच्या तारखेचं स्टेटमेंट, भरलेल्या रिटर्नची पूर्ण कॉपी आणि दुरुस्तीची बिलं न्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काढले असतील तर परत भरायला २०२७ च्या ऑगस्टपर्यंत वेळ आहे, आणि एकरकमी जमत नसेल तर थोडे थोडेही भरता येतात. माझे पुढे ठेवलेले ६,००० २०२६ च्या रिटर्नमध्ये दाखवायचे बाकी आहेत, त्यासाठी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची वेळ मी आत्ताच घेऊन ठेवलीय, मार्चच्या गर्दीच्या आधीची.