३० लिटरचं इलेक्ट्रिक ऑल-ग्रेन भांडं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑल-ग्रेन म्हणजे थेट माल्टपासून, मोड आणून वाळवलेल्या धान्यापासून, बिअर करणं, आणि हे भांडं त्यासाठीच. तळाला २००० वॉटचा हीटर, आत माल्टची जाळीदार नळी, बाजूला द्रव तळातून वर फिरवणारा पंप अशी याची रचना. भांडं विकत घेण्याजोगं नक्कीच आहे. मात्र पडद्यावरचं तापमान आणि माल्टची भरड या दोन गोष्टी हातात बसेपर्यंत प्रत्येक बॅच वेगळी उतरते.

तापमानाचा सेन्सर तळाला, हीटरलगत आहे. त्यामुळे पडद्यावर ६६ अंश दिसत असताना माल्टच्या थराच्या मध्यभागी ६३ असू शकतात. हा फरक चवीत उतरतो: ६३ ला बीटा अमायलेज हे पिष्टाची साखर करणारं एन्झाइम जोमात असतं, आंबणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर अंगाने हलकी, कोरडी होते, ६८ च्या आसपास ती भरीव लागते. लांब दांडीचा वेगळा थर्मामीटर थरात खुपसून त्याच्यावरच विश्वास ठेवा.

२० लिटर बिअरसाठी ५ किलो माल्ट आणि १८ लिटर पाणी. माल्ट २५ अंशांवर असेल तर पाणी ७१ पर्यंत तापवा, हीटर बंद करा आणि माल्ट थोडा थोडा सोडत गुठळ्या मोडा. पंपाची घाई नको. दहा मिनिटं थर बसू द्या, मग पंपाची झडप पाव उघडा. सुरुवातीलाच पूर्ण उघडली तर थर दबतो, वरचं वर्ट (माल्टमधून उतरलेला गोड द्रव) मधल्या ओव्हरफ्लो नळीतून माल्टला न शिवता खाली पळतं. वरून सगळं सुरळीत दिसतं आणि साखरेचा उतारा मात्र घटतो. ती नळीही बंद असेल तर तळ कोरडा पडून वर्ट करपतं, आणि करपलेला वास नंतर कशानेच जात नाही.

भरडताना रोलरमधली फट १.२ मिलिमीटर ठेवा. भरडण्याआधी दहा मिनिटं ५ किलो माल्टवर १०० मिलिलिटर पाणी फवारून हलवलं की टरफलं लवचिक होतात, अखंड राहतात आणि गाळणीचं काम करतात. इतकी स्वस्त आणि गुणकारी युक्ती दुसरी नाही! गहू ३० टक्क्यांच्या वर असेल तर भाताचं तूसही मिसळा.

स्पार्जला, म्हणजे माल्ट वरून धुवून उरलेली साखर काढायला, १२ लिटर पाणी, ७५ अंशांचं. चोथा साधारण साडेचार लिटर पाणी धरून ठेवतो. निथळणाऱ्या वर्टची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तितकी जास्त) १.०१० च्या खाली गेली की थांबा, पुढे तुरटपणा उतरतो. या हिशेबाने उकळीनंतर, आंबवण्याआधी १.०४८ च्या आसपास ग्रॅव्हिटी मिळते.

वर्टची उकळी हा या भांड्याचा कच्चा दुवा. बाहेरून इन्सुलेशनचं जॅकेट घातल्याशिवाय ती खळखळत नाही. झाकण ठेवून उकळी वाढवण्याचा मोह टाळा, विशेषतः पिल्सनर हा फिकट माल्ट असताना. वाफेबरोबर जाणारं डीएमएस (माल्टमधून येणारं गंधकयुक्त संयुग) झाकणावर वाफेचं पाणी होताना परत भांड्यात पडतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो.

हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) पिशवीत घाला, सुटे टाकले की पंप तुंबतो. तळावरचा तपकिरी थर तारेच्या घासणीने खरवडू नका. सोडियम परकार्बोनेटचं ६० अंशांचं पाणी अर्धा तास पंपातून फिरवलं की तो सुटतो. पाण्याचा पांढरा क्षार उरला तर त्यानंतर वेगळं सायट्रिक ॲसिड. दर बॅचनंतर वीज काढून पंपाचं तोंड उघडा: माल्टचा चुरा तिथेच अडकतो आणि दोन दिवसांत आंबतो.