दोन फाळी पलटी नांगर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोहोळ तालुक्यात आमचं बारा एकर काळं रान आहे. निम्म्यात मालदांडी ज्वारी, निम्म्यात ऊस. ट्रॅक्टर ५० एचपीचा. फेब्रुवारीत हायड्रोलिक पलटी नांगर (दर फेरीला उलटून माती एकाच बाजूला टाकणारा) घेतला आणि घरचं, भावकीचं मिळून साठेक एकर नांगरून झालं.

पहिला आठवडा वाईट गेला. जातानाचं तास, म्हणजे नांगरानं पडणारी चर, खोल, येतानाचं उथळ. रान पायऱ्यांसारखं दिसायला लागलं. जोडून द्यायला आलेला माणूस अंगणातच बोल्ट आवळून गेला होता, रानात एक तासही मारून बघितलं नव्हतं. मी नांगर परत द्यायच्या बेतात होतो. तात्या, म्हणजे माझे चुलते, बांधावरून म्हणाले, "आरं, नांगर काय बघतोस, तास बघ." टेप लावला. एका बाजूला दहा इंच, दुसऱ्या बाजूला सहा!

घोळ उजव्या लिफ्ट रॉडचा, म्हणजे ट्रॅक्टरचा मागचा हात उचलणाऱ्या दांडीचा होता. आधीच्या साध्या नांगरासाठी तो आखूड केलेला, तसाच राहिला. साध्या नांगराला उजवंच चाक कायम तासात असतं, तिथं ते बरोबर. पलटीला दर फेरीला तासातलं चाक बदलतं, म्हणून दोन्ही रॉड सारख्या लांबीचे हवेत. चाक तासात गेल्यानं ट्रॅक्टर कलतो, त्याचा हिशेब नांगराच्या डोक्यावरच्या दोन स्टॉप बोल्टनी करायचा, प्रत्येक बाजूचा वेगळा. शेजारच्या गवंड्याचा ओळंबा आणला. सपाट रानात दोन फेऱ्या मारल्या, चाक तासात असतानाच ट्रॅक्टर बंद केला आणि मागून ओळंबा धरला. दोरी आणि नांगराचा खांब एका रेषेत येईपर्यंत बोल्ट फिरवला. मग पलटून दुसरी बाजू. अर्धा दिवस गेला, पण तेव्हापासून रान पाटासारखं निघतं. उसाला पाणी देताना हा फरक फार जाणवतो.

टॉप लिंक (नांगर वरून ट्रॅक्टरला जोडणारी दांडी) आखूड झाली की पुढचा फाळ नाक खुपसतो आणि मागचा उचलतो. लांब झाली की नांगर टाचेवर, म्हणजे तळाच्या मागच्या टोकावर घसरतो, जमिनीत शिरतच नाही. माझी खूण एकच: मागच्या टाचेची फिकट रेघ तासाच्या तळाला उठली पाहिजे. खोलीला ड्राफ्ट कंट्रोलच (ओढ वाढली की नांगर आपोआप थोडा उचलणारी सोय) वापरा. पोझिशनवर, म्हणजे नांगर एकाच उंचीवर धरून चालवलं तेव्हा कडक जागी चाकं जागेवर फिरायची. नांगर डावी-उजवीकडे हलू न देणाऱ्या साखळ्या रानात जराशा ढिल्या, रस्त्यावर घट्ट.

ज्वारी निघाल्यावर थोडी ओल होती तेव्हा नांगरलेलं रान पहिल्या दोन पावसांत विरघळलं. उशिरा, एप्रिलात नांगरलेल्या तुकड्यात घागरीएवढी ढेकळं निघाली, त्यांना रोटाव्हेटर दोनदा घालावा लागला. कुंदा या तणाच्या गाठी मात्र दोन्हीकडे वर आल्या आणि उन्हात वाळल्या.

तक्रारी दोन. सोबत आलेले फाळ मऊ आहेत, चाळीस एकरांतच टोकं बोथट झाली. आणि हायड्रोलिकचा पाइप पलटताना टॉप लिंकला घासून फुटला. नवा बसवताना त्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, अजून टिकून आहे.