फोकस आरएस की गोल्फ आर?

ताकद दोन्ही गाड्यांच्या चारही चाकांना, पण रीत वेगळी. फोर्ड फोकस आरएसच्या (2016–18) मागच्या अ‍ॅक्सलवर दोन क्लच, प्रत्येक चाकाला एक. वळणात बाहेरच्या चाकाला जास्त जोर मिळतो आणि नाक आत वळतं. ही मजा फोक्सवॅगनच्या सातव्या पिढीच्या गोल्फ आरमध्ये नाही. पण रोजच्या रस्त्यावर गोल्फच सुखाची. आरएसचं सस्पेन्शन अंग खिळखिळं करतं.

जुनी आरएस बघताना इंजिन गार असतानाच सुरू करा. पांढरा धूर थांबत नसेल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधलं सील) तपासा. गोल्फमध्ये हॅल्डेक्सचं (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचचं) तेल दर 3 वर्षांनी बदला आणि त्याचा पंप काढून पंपाची जाळीही धुवा. नुसतं तेल बदलून भागत नाही: क्लचचा गाळ जाळीत साचला की पंप जळतो, आणि मागची चाकं गुपचूप नुसती ओढली जातात.